पाणपोईची चुनडी

लग्न होऊन मी नंदुरबारला आले तेव्हा आमच्या राजस्थानात या गावाला परदेशच म्हणायचे. शब्द होता दिसावर. कुणी कलकत्त्याला जावो, कुणी रंगूनला, कुणी आमच्या सासऱ्यांसारखा खानदेशात मिरचीच्या व्यापाराला, सगळे दिसावर गेले म्हणायचे. मी माहेरच्या मैत्रिणींना ऐटीत सांगून ठेवलं होतं की दिसावरात गोऱ्या मडमा असतात आणि मी त्यांच्यात राहायला चालले आहे. नंदुरबारला उतरले तर मडम एकही नाही, आणि गावभर वाळत घातलेल्या लाल मिरचीचा असा ठसका की घुंघटाआड मी शिंकत सुटले. उंबऱ्यात ओवाळायला उभ्या असलेल्या बायका ताट धरून ताटकळल्या. नवरीची शिंक काही संपेना. गल्लीत माझं पहिलं नाव पडलं ते त्या शिंकेवरून.

आमच्याकडे घरात मारवाडी, दारात अहिराणी आणि कागदावर मराठी अशी रीत होती. हे मी मराठीत लिहिते आहे कारण नातवंडांना तीच वाचता येते. मारवाडीत लिहिलं असतं तर मला जरा जास्त शहाणी दिसता आलं असतं.

गावात आमच्या मुलखातली बरीच दुकानं होती आणि त्या दुकानदारांचं एक मंडळ होतं. परक्या गावात आलो, तर गावाच्या उपयोगी पडावं, असा मंडळाचा हेतू. मंडळाची बैठक आमच्या ओसरीवर भरे, कारण सासरे मंडळाचे मुख्य. पुरुष गाद्यांवर बसत, पान खात, आणि सेवेविषयी बोलत. सेवा मात्र एकच होती, आणि ती करत होती आमची भुआजी.

भुआजी म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. बाहुल्या खेळायच्या वयात लग्न झालं आणि बाहुल्या सुटायच्या आत नवरा गेला. तेव्हापासून ती भावाकडे. अंगावर कायम काळसर ओढणी, हात उघडे, बांगडीचं नाव नाही. उन्हाळा लागला की ती रोज स्टेशनात जाऊन बसायची. फलाटाच्या टोकाला एक कडुनिंब होता. त्याच्याखाली मंडळाची पाणपोई, म्हणजे मांडीइतक्या उंच चौथऱ्यावर ठेवलेले लाल रांजण आणि एक झारी. झारी गावातल्या एका मुसलमान तांबटाने भुआजीच्या सांगण्यावरून घडवली होती. तिची नळी हातभर लांब. इंजीन पाणी प्यायला थांबलं की तिसऱ्या वर्गाच्या खिडक्यांतून ओंजळी बाहेर यायच्या आणि भुआजी खिडकीखिडकीशी जाऊन नळीतून धार सोडायची. तळोद्याकडचे मजुरीला निघालेले भिल्ल, सुरतेचे व्यापारी, फकीर, पोलीस, सगळ्यांना त्याच नळीने. मंडळातले एकजण एकदा म्हणाले, वेगळी झारी ठेवायला हवी. भुआजी म्हणाली, "ठेवा ना. पण मग धरायला तुम्ही या उन्हात." त्यानंतर तो विषय निघाला नाही.

पाणी आमच्या घरात गाळलं जायचं. आमचं घर जैन, त्यामुळे पाणी दुहेरी कापडातून गाळायचं, आणि कापडात जे बारीक जीव अडकतील ते पाणी ओतून ज्या विहिरीचे त्याच विहिरीत अलगद परत सोडायचे. हे काम सुनेचं. मला त्याचा मनस्वी कंटाळा. न दिसणाऱ्या किड्यांना घरी पोचवायला मी लग्न केलं होतं का, असं मी म्हणायची. अर्थात मनात. कारण मोठ्या पुरुषांसमोर मी बोलायचंच नव्हतं.

ही घुंघटाची गोष्ट नीट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कुणाला पटायचं नाही. सासऱ्यांनी माझा चेहरा पाहिला नव्हता. आवाज ऐकला नव्हता. आम्ही एका छपराखाली राहात होतो, मी वाढलेलं ते जेवत होते, पण त्यांच्या लेखी मी म्हणजे एक लाल ओढणी आणि तिच्याखाली चालणारी जोडवी. त्यांना काही सांगायचं असेल तर ते भिंतीला सांगत. मला काही सांगायचं असेल तर मी दाराची कडी वाजवी आणि सासूबाई येऊन विचारून जात. एकदा त्यांच्या पगडीवर पाल चालत होती आणि मी नुसती कडी वाजवत राहिले. ते म्हणाले, "हवा फार आहे आज."

एका वैशाखात बातमी आली की आमच्या मुलखातले एक मोठे शेठ सुरतेला निघाले आहेत. दिसावर गेलेल्या आपल्या माणसांनी परक्या गावात काय काय सेवा चालवली आहे, ते पाहात आणि मान देत ते सगळ्या लाईनीवरून येणार होते. मंडळाच्या मुख्याला पाग, म्हणजे मानाची पगडी, बांधणार. आणि शेठ नव्या विचारांचे असल्यामुळे, जी बाई आपल्या हाताने सेवा करते तिला भर फलाटावर चुनडी, म्हणजे लाल ओढणी, ओढवणार. आमच्याकडे भाऊ बहिणीला चुनडी ओढवतो, तो मोठा मान. शेठ सगळ्या मुलखाचे भाऊ म्हणून ओढवणार होते.

ओसरीवर बैठक भरली. मी दाराआड, कान लांब करून.

"चुनडी जीजीला," एकजण म्हणाले. भुआजीला सगळे जीजीच म्हणत.

"लाल चुनडी? विधवेला? शेठ काय म्हणतील?"

"मग शेठना सांगू, आमच्याकडे बाई नाही."

"आणि पाणी काय कडुनिंब पाजतो?"

बराच वेळ पान चघळल्याचा आवाज आला. मग सासरे म्हणाले की त्या दिवशी पाणपोईवर आमची बींदणी उभी राहील. बींदणी म्हणजे सून, म्हणजे मी. घुंघट पुरता असेल, पाठीमागे कनात लावू, कुणाला बोट ठेवायला जागा नाही. आणि एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण दुसरे कुणी म्हणाले की एकदा अशा मोठ्या माणसाने पाणपोई पाहिली, की विधवा बाईने तिथे रोज बसणं शोभायचं नाही. यापुढे एखादा ब्राह्मण नेमावा. जीजीचं वय झालं, तिने आता घरी माळ ओढावी. सगळ्यांनी माना हलवल्या असाव्यात, कारण कुणी काही बोललं नाही. सासरेही बोलले नाहीत.

भुआजी तेव्हा अंगणात रांजण घासत होती. तिने सगळं ऐकलं. घासायची थांबली नाही. त्या बाईला घरात कुणी हाक मारली तर ती काम सांगायला. स्टेशनात मारली तर तहान लागली म्हणून. ती जागा जाणार होती. मला हे कळलं का? छे. माझ्या डोळ्यांपुढे फक्त चुनडी. लाल, गोट्याची सोनेरी किनार लावलेली, ऐन फलाटावर, आणि माहेरच्या मैत्रिणींना कळेल तेव्हा त्यांची तोंडं. सेवेचं म्हणाल तर माझी सेवा एक रांजण फोडण्याइतकी झाली होती.

मी दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू केला. अंगणातल्या तुळशीला झारीने पाणी घालून पाहिलं. तुळस हलत नाही, ओरडत नाही, खिडकीतून डोकं काढत नाही. मला वाटलं, यात काय आहे. भुआजी खांबाला टेकून बघत होती.

"छान," ती म्हणाली. "तुळशीची गाडी आली तर तू जिंकलीस."

तो दिवस उजाडला. सासूबाई घरी पाहुण्यांच्या शिदोरीसाठी तळण काढत होत्या. मला नेसवून, घुंघट बेंबीपर्यंत ओढून, स्टेशनात पोचवलं. कडुनिंबामागे कनात लावली होती. तिच्यामागे भुआजी आधीच बसलेली.

"भुआजी, तुम्हाला घरी थांबायला सांगितलं होतं."

"मी घरीच आहे. रांजणांना कुणीतरी सोबत हवं म्हणून जरा बाहेर बसले."

शेठच्या गाडीआधी भुसावळकडे जाणारी एक गाडी होती. मंडळाचे पुरुष तिकडे फलाटाच्या मध्यावर पगड्या सावरत, फुलांच्या टोपल्या मोजत गुंतलेले. मी म्हटलं, चला, हात बसवून घेऊ. झारी उचलली आणि पुढे झाले.

घुंघटातून जग कसं दिसतं हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. लाल दिसतं आणि हलतं. इंजीन माझ्या जवळून असं धडधडत गेलं की मी मागच्या मागे रांजणावर आदळले. मग खिडक्या आल्या आणि खिडक्यांतून हातच हात. मी अंदाजाने धार सोडली. पहिल्या माणसाच्या बाहीत गेली. दुसऱ्याच्या कानात. तिसऱ्याच्या कपाळावर मी नळीच मारली. एक म्हातारी म्हणाली, "माय, माले तहान लागेल शे, न्हावानं नही." आतून कुणीतरी ओरडलं, "डोकरी कोठे गयी वं? रोजनी डोकरीले बलाव." आणि सगळा डबाच त्या रोजच्या म्हातारीला, म्हणजे भुआजीला, बोलवायला लागला.

गाडी गेली. मी कनातीमागे येऊन मटकन बसले आणि रडायला लागले. घुंघटाआड रडण्याची सोय चांगली असते, पण नाक पुसायची पंचाईत.

"मला नाही येत. शेठच्या कानात पाणी गेलं तर?"

"जाईल," भुआजी म्हणाली. "तुझा नेम तसाच आहे."

"मग मी काय करू?"

तिने कनातीबाहेर एकदा डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "ओढणी काढ."

मला आधी कळलंच नाही. तिने आपली काळसर ओढणी काढून माझ्या अंगावर टाकली होती आणि माझी लाल ओढणी हातात धरली होती. ती लगेच घेतली नाही तिने. नुसती धरून बसली. नवरा गेल्यापासून त्या बाईने लाल कापड अंगाला लावलं नव्हतं. लांब सुरतेकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी झाली आणि तिने एका झटक्यात ती डोक्यावरून ओढली, टोकं मनगटांवरून खाली घेतली, कारण माझ्या हातात कोपरापर्यंत चुडा आणि तिचे हात मोकळे.

लोक नंतर म्हणायचे की मी मोठ्या मनाने तिला जागा दिली. बोलू दे. मला नेम येत नव्हता म्हणून दिली. आणि देऊन झाल्यावर मला पहिला विचार आला तो हा, की आता चुनडी गेली.

कनातीला एक भोक होतं, त्याला डोळा लावला. गाडी थांबली. पहिल्या वर्गातून शेठ उतरले, मोठी पाग, पोट पुढे. हार झाले, सासऱ्यांना पाग बांधून झाली. तोवर इकडे खिडक्यांतून ओंजळी निघालेल्या. लाल ओढणी झारी घेऊन निघाली. कुठे अडखळली नाही. इतक्या वर्षांत तिला बघायची गरजच उरली नव्हती, खिडक्या कुठे येतात ते पायांना ठाऊक. बारीक धार, मान हलली की बंद, पुढची खिडकी. सासरे लांबून बघत होते आणि मला भोकातून स्पष्ट दिसलं, त्यांची छाती फुगली. आपल्या सुनेचा हात इतका तयार आहे हे त्यांना नव्यानेच कळत होतं.

मग एका पोरसवदा गड्याने दोन्ही हात पसरून गडबड केली आणि घुंघटातून आवाज आला:

"ओंजय नीट धर ना भाऊ. पानी पोटमा जावाले पाहिजे, बाहीमा नही. मांगे आखो लोके शेतस."

फलाटावर मंडळाच्या सगळ्या पुरुषांच्या माना एकदम वळल्या. तो आवाज त्यांच्यापैकी प्रत्येकाने लहानपणापासून खाल्लेल्या ओरड्यांतून ओळखला. सासऱ्यांची नवी पाग जागच्या जागी ताठ झाली. पण शेठना काय ठाऊक. ते खूष झाले. तिथल्या तिथे धोतर सावरून पुढे आले, वाकले, आणि त्यांनी ओंजळ धरली. भुआजीने धार सोडली. शेठ पोटभर प्यायले. थेंब सांडला नाही.

"सगळ्या लाईनीवर आपल्या लोकांनी पाणी पाजलं," शेठ तोंड पुसत म्हणाले. "इतर ठिकाणी अंगरख्याला मिळालं. मला आज पहिल्यांदा मिळालं. ही आपल्या घरची कोण?"

आता सासरे काय सांगणार. सून म्हणावं, तर सून सासऱ्यादेखत परक्या गड्याला झापते आहे. बहीण म्हणावं, तर विधवा बहीण लाल ओढणीत उभी. त्यांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

"घरचीच आहे," ते म्हणाले.

"ते दिसतंच आहे," शेठ म्हणाले आणि त्यांनी ताटातली चुनडी उलगडून त्या घुंघटावर ओढवली. "मुलखाचा भाऊ म्हणून देतो. आणि एक ऐका, हिला इथून हलवू नका. मी आषाढाआधी याच लाईनीने परत येणार. हिच्याच हातचं पाणी पिणार."

त्या वेळी भुआजीची झारी पहिल्यांदा हलली. थोडं पाणी शेठच्या जोड्यांवर सांडलं. सासरे बाजूलाच उभे होते. सख्खा भाऊ, पण बहिणीला चुनडी ओढवायची संधी त्यांना कधी आलीच नव्हती. ती आली तेव्हा ते बघे म्हणून उभे होते.

गाडी सुटली, पाहुणे शिदोरी घेऊन गेले, आणि सासरे तरातरा कनातीमागे आले. तिथे काळसर ओढणीत मी. त्यांनी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, काळसर ओढणीखाली जोडवी आहेत. लगेच पाठ फिरवून ते कनातीशी बोलायला लागले.

"जीजी, हे काय केलंस?"

"पाणी पाजलं, भाया," कनातीपलीकडून भुआजी म्हणाली. "रोज पाजते तसं."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, तुझी सून होती."

"आणि शेठ परत आले म्हणजे?"

"मग सुनेला उभी कर. तिचा हात चांगला आहे. आज तिने एकाचा कान धुऊन दिला."

तेवढ्यात मला शिंक आली. ती थांबवता थांबेना. शेवटी सासरे कनातीलाच म्हणाले, "उद्या रांजण लवकर पाठवतो. ऊन फार आहे." आणि गेले. ब्राह्मण नेमण्याचा विषय ओसरीवर पुन्हा कुणी काढला नाही. शेठ परत येणार होते ना. ते नंतर आलेच नाहीत, समुद्राने कुठे गेले असं ऐकलं. पण मंडळ त्यांची वाट पाहात राहिलं आणि भुआजी कडुनिंबाखाली बसत राहिली.

राहिली चुनडी. माझा जीव तिच्यात. घरी येईपर्यंत मी हिशोब करून टाकला की भुआजीला ती घालता यायची नाही, सासूबाईंना लाल शोभत नाही, म्हणजे उरलं कोण? रात्री जेवताना मी नेहमीपेक्षा चार वेळा जास्त भुआजीला वाढलं. तिने सगळं खाल्लं. सकाळी चुनडी मांडीवर घेऊन बोटांनी तिची वीण चाचपली आणि म्हणाली, "पोत घट्ट आहे." मग सुरीने भोवतालचा सोनेरी गोटा उसवला, तो माझ्या हातात दिला, आणि चुनडी दुहेरी घडी करून रांजणाच्या तोंडावर बांधली.

पाणी गाळायला. मी आ वासून पाहात राहिले. शेठनी दिलेला मान विहिरीतल्या किड्यांच्या कामी आला होता.

"तुला पाणी गाळायचा कंटाळा आहे ना," ती म्हणाली. "आता लाल कापडातून गाळ. मन लागेल."

रंग कच्चा होता. त्या दिवशी स्टेशनात रांजणातलं पाणी गुलाबी झालं. तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्याच दिवसापासून हात बसावा म्हणून मला भुआजीबरोबर कनातीमागे बसवायला लागले. गाडी आली, ओंजळी आल्या. एका नेहमीच्या मजुराने ओंजळीतलं पाणी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"डोकरी, आज सरबत शे का वं?"

"पी भाऊ," भुआजी म्हणाली. "मन्हं लगीन शे."

सगळा डबा हसला. सासरे मालाच्या डब्याशी मिरचीची पोती मोजून घेत होते, त्यांनी ऐकलं असावं. गाडी सुटल्यावर ते पाणपोईपाशी आले, पाग काढून बगलेत धरली, वाकले, आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. इतक्या वर्षांत त्यांनी तिथलं पाणी प्यायलेलं मी पाहिलं नव्हतं. भुआजीने झारी माझ्या हातात दिली आणि मला कनातीबाहेर ढकललं.

"पाज," ती म्हणाली. "तुझे सासरे आहेत. कानाला जपून."

मी घुंघटातून नेम धरला. पाणी बाहीत गेलं.